चुलीचं माप आणि पोराचं माप

23 एप्रिल 2025, सकाळचे साडेनऊ. पारोळा तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात माझ्या 14 महिन्यांच्या भाच्याने चुलीपुढची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि किंचाळला. विस्तवाला त्याचा हात लागलाच नव्हता. लागला तो जाळीला, आणि ती जाळी त्याला विस्तवापासून लांब ठेवायला मीच आदल्या दिवशी करून आणली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांवर आणि तळव्याच्या कडेला फोड उठले. माझी आजी एकच वाक्य बोलली, "तुन्ही जाळीच पोऱ्याले चावनी."

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. बांधकामावर मापं घेण्यातच माझा दिवस जातो. तरीही इथे माप चुकलं. ते कसं चुकलं आणि पुढच्या सात दिवसांत ते कसं दुरुस्त केलं, ते इथे आकड्यांसकट मांडतो.

चूल कशासाठी पेटते

घरात गॅस आहे, अनेक वर्षांपासून आहे. रोजचा स्वयंपाक त्याच्यावरच होतो. पण परसातली चूल मोडायची कुणाची हिंमत नाही, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. 2025 साली ती 30 एप्रिलला होती. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि खापरावरचे मांडे होतात. खापर म्हणजे मातीचं पालथं घातलेलं मोठं भांडं. आमचं 22 इंच व्यासाचं आहे. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत नेत मोठा करायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. हे काम गॅसच्या शेगडीवर होत नाही. ज्यांनी करून पाहिलंय त्यांना विचारा.

खापराखाली जळण लागतं ते भरपूर आणि लांब. आमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणि तुरीच्या तुराट्या. त्या तोडून कोणी चुलीत घालत नाही. टोक आत, उरलेली काडी बाहेर, जळेल तशी पुढे सरकवायची. त्यामुळे चुलीच्या तोंडातून दोन-दोन फूट काड्या बाहेर डोकावत असतात. हा तपशील लक्षात ठेवा, कारण माझी पहिली चूक इथेच झाली.

ताई पुण्याहून 20 तारखेला आली. पोरगं नुकतंच चालायला लागलेलं. घरात ओटा, पायऱ्या, गोठा, न्हाणीतला बंब, सगळं त्याच्यासाठी नवं. आई आणि मोठी काकू मांड्यांचा हात बसवायला आठवडाभर आधीपासूनच चूल पेटवणार होत्या. ताई म्हणाली, "चुलीला काहीतरी आडोसा कर." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत होतंय.

पहिली जाळी

मी चुलीचं तोंड मोजलं. रुंदी 14 इंच, उंची 11 इंच. दोन्ही बाजूंना आणि वर थोडं जास्त धरून 24 बाय 20 इंचाची चौकट सांगितली, तिच्यात बारीक लोखंडी जाळी, मागे टेकायला दोन पाय. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याने दोन तासांत करून दिली. चुलीच्या तोंडापासून साधारण 5 इंचांवर ती उभी राहिली. दिसायला छान, ठिणगी बाहेर येईना. मी खूश.

बायका खूश नव्हत्या. जाळी उभी असली की पऱ्हाटी आत सारता येईना. 22 तारखेच्या संध्याकाळी आजीने ती तीनदा बाजूला केली आणि तिसऱ्यांदा परत लावलीच नाही. 23 तारखेला सकाळी ताईने आठवण केली म्हणून पुन्हा लावली. चूल पाऊण तास पेटलेली होती. 5 इंचांवरचं लोखंड पाऊण तासात काय होतं, हे मला शाळेतही शिकवलं होतं.

नंतरची वीस मिनिटं

शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. कुणी हळद-तूप म्हणालं, कुणी शाई. ताईने काहीच लावू दिलं नाही. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं वाहतं गार पाणी, एवढं तिला पक्कं माहीत होतं. अडचण अशी की एप्रिलअखेर खानदेशात गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचं पाणी गार नसतं. सकाळी दहाच्या सुमारास नळ सोडा, हात मागे घ्याल. मग रांजणातलं पाणी तांब्याने घेऊन हातावर सलग धार धरली. मी भरत होतो, ताई ओतत होती. कुणीतरी फ्रिजमधला बर्फ आणला तो परत पाठवला. बर्फाने भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते, आणि लहान पोर एवढा वेळ गारठवलं तर त्याचं अंगही थंड पडू शकतं. म्हणून हातावर पाणी आणि बाकी अंग कोरड्या कापडात.

त्याच्या मनगटातला काळा दोरा आणि चांदीचं कडं लगेच काढलं. सूज आली की ते निघत नाही. फोड फोडले नाहीत. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने हात सैल झाकला आणि तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं. लहान मुलाचा तळहात, चेहरा, सांधा किंवा जननेंद्रियाची जागा भाजली असेल तर फोड कितीही छोटा असो, दाखवायचाच. तळहातावरची कातडी भरताना आवळली तर पुढे बोटं पूर्ण उघडत नाहीत. भाच्याचं वरवरचं होतं. दोन आठवड्यांत खूण जवळपास गेली.

ताईचा धडा

त्या रात्री ताईने मला जे सांगितलं ते मी आधी विचारलं असतं तर जाळीचे पैसे वाचले असते. दाजींच्या नोकरीमुळे ती दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहिली. भाड्याच्या जुन्या घरात भिंतीतली शेकोटी होती आणि घरमालकाने तिच्यासोबत दोन जाळ्या दिल्या होत्या. एक लहान, विस्तवाला लागून उभी करायची, उडणाऱ्या ठिणग्या आणि निखारे गालिच्यावर पडू नयेत म्हणून. दुसरी मोठी, तीन बाजूंची, पुढे चांगली दोन हात सरकलेली, भिंतीत हुक मारून अडकवलेली. लहान मूल घरात असेल तेव्हा ही दुसरी. पहिली तापते. दुसरीने तापायचंच नसतं.

मी केली होती ती पहिली. नाव मात्र दुसरीचं दिलं होतं.

तिकडे हा विषय जुना आहे. 1908च्या तिथल्या बालक कायद्यात, पुरेसा आडोसा नसलेल्या शेकोटीच्या खोलीत 7 वर्षांखालचं मूल सोडून ते मेलं किंवा गंभीर भाजलं तर सांभाळणाऱ्यावर गुन्हा, अशी तरतूद आली. 1933च्या कायद्यात ती कायम राहिली आणि 1952 मध्ये वयाची हद्द 12 वर नेली. आजही मुलांसाठीच्या अशा जाळ्यांना तिथे ब्रिटिश मानक आहे, बीएस 8423. पण तिथल्या शेकोटीतून पऱ्हाट्या बाहेर येत नाहीत आणि समोर बसून कुणी मांडे करत नाही. त्यामुळे तिथलं तयार माप इथे उचलून आणण्यात अर्थ नव्हता. घ्यायची होती ती मोजण्याची पद्धत.

आता पोर मोजलं

24 तारखेला मी टेप घेऊन चुलीकडे गेलोच नाही. भाच्याला भिंतीला टेकवून उभं केलं.

उंची 78 सेंटिमीटर. हात वर करून टाचा उचलल्या तर बोटांची टोकं 94 सेंटिमीटरला. खांद्यापासून बोटापर्यंत हात 32. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलग्याची मधली उंची एक वर्षाला सुमारे 76, दोन वर्षांना 87-88 आणि तीन वर्षांना 96 सेंटिमीटर आहे. म्हणजे वर्षाला 8-12 सेंटिमीटर. आज ज्या उंचीवर त्याचा हात पोचत नाही, तिथे पुढच्या आखाजीला पोचेल. शिवाय आखाजीला घरात तो एकटा नसणार. काकूची नात साडेतीन वर्षांची, 98 सेंटिमीटर. तिचा हिशोब वेगळा, ती चढते.

लहान पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. जन्मतः डोकं उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं, नंतर हळूहळू प्रमाण कमी होतं. म्हणून कमरेएवढ्या कठड्यावरून वाकलं तर मोठा माणूस सावरतो, पोर डोक्यावर पडतं. माझी पहिली जाळी 20 इंच, म्हणजे 51 सेंटिमीटर उंच होती. 78 सेंटिमीटरच्या पोराच्या छातीलाही ती पुरत नव्हती, आणि मागे फक्त दोन पायांवर टेकलेली. त्याने ती ओढली कशी नाही, याचंच आता नवल वाटतं.

मग अंतर. कुंपणाच्या फटीतून 32 सेंटिमीटरचा हात आत आला, हातात एखादी काडी किंवा लाटणं असलं, तरी विस्तवाला, खापराला किंवा बाहेर आलेल्या पऱ्हाटीच्या शेपटाला ते लागता कामा नये. शेपूट धरून ओढलं की जळतं टोक बाहेर येतं. म्हणून अंतर चुलीच्या तोंडापासून न मोजता पऱ्हाटीच्या शेवटापासून मोजायचं ठरवलं, आणि तिथून पुढे कमीत कमी अडीच फूट मोकळं.

त्या मोकळ्या जागेत कोण? मांडे करणाऱ्या बायका. इथे डोक्यात उजेड पडला. आडोसा चूल आणि बाई यांच्या मध्ये उभा केला तर बाई तो काढणारच, दिवसातून दहादा काढेल. त्याने बाईसकट चुलीला वेढायला हवं.

रांगोळीची रंगीत तालीम

चूल परसाच्या मागच्या भिंतीला लागून आहे, डावीकडे न्हाणीची भिंत. दोन बाजू आयत्या बंद. उरल्या समोर आणि उजवीकडे. कागदावर मी खोली मांडली: चुलीचा ओटा 2 फूट, बाहेरच्या काड्या 2 फूट, पाटावर बसलेली बाई 2 फूट, मागे टेकायला अर्धा. साडेसहा फूट. रुंदी: ओटा अडीच फूट, उजवीकडे परात आणि पुरणाचं पातेलं अडीच फूट, डावीकडे तयार मांड्यांची टोपली 2 फूट, आणि जास्तीचा एक फूट. 8 फूट.

कागदावरचं माप खरं धरायचं नाही, हे आता शिकलो होतो. रांगोळीने जमिनीवर रेघ मारली आणि आई, काकू, ताई तिघींना म्हटलं, चूल न पेटवता अर्धा तास मांडे करा. पीठ नाही, ओले पंचे. आजी ओट्यावर बसून बघत होती. "हाई काय पिंजरा शे का? आम्हीन काय वाघ शेतस का?" सगळ्या हसल्या, पण पंचे फिरवायला लागल्या.

दहा मिनिटांतच कळलं. मांडा मोठा करताना काकूची कोपरं बाजूला जात नाहीत, मागे जातात, आणि रेघेच्या बाहेर जातात. तिथे लोखंड असतं तर एकतर कोपर फुटलं असतं किंवा मांडा. साडेसहाचे 7 फूट केले. रुंदी 8 पुरली. दुसरं लक्षात आलं ते ताईच्या उठण्याने. ती परात घेऊन उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडली, तिघी त्याच कोपऱ्यातून पडल्या. फाटक मला समोर मध्यभागी सुचलं होतं, ते उजव्या बाजूला गेलं.

समोर 8 आणि उजवीकडे 7, एकूण 15 फूट कुंपण. 4 फुटांचे तीन पॅनल आणि 3 फुटांचं फाटक.

उंचीवरून मात्र भांडण झालं. मी साडेतीन फूट म्हणत होतो. आईची उंची चार फूट अकरा. साडेतीन फुटांवरून परात पलीकडे देताना तिचे खांदे वर जात होते, आणि पुरणाचं गरम पातेलं असं खांदे उचलून द्यायचं म्हणजे दुसराच अपघात. शेवटी 3 फूट 3 इंचांवर तह झाला, 99 सेंटिमीटर. साडेतीन वर्षांच्या नातीच्या डोक्याएवढं.

लोखंडात उतरवताना

वेल्डिंगवाल्याने नेहमीसारखं आडव्या पट्ट्यांचं डिझाइन काढलं, वर कमळ. आडवी पट्टी म्हणजे पोराला शिडी. कमळासकट ते काढायला लावलं. पाऊण इंची चौकोनी पाइपाची चौकट, आत 8 मिलिमीटरच्या उभ्या सळ्या, दोन सळ्यांत 2 इंच मोकळं. पोरांच्या खाटेच्या दांड्यांमधली फट साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं मानतात, म्हणजे पाय आणि धड आत जाऊन डोकं अडकत नाही. आमची 5 सेंटिमीटर. खालच्या दोन फुटांत सळ्यांवर बाहेरच्या अंगाने अर्धा इंची जाळी, कारण 2 इंचांतून हात जातो. जाळीची कापलेली टोकं आत दुमडून वेल्ड केली. हे सांगितलं नसतं तर ती तशीच राहिली असती, बोटं चिरायला.

खाली जमिनीपासून फट दीड इंच. परसातली जमीन सारवलेली, वरखाली. एका टोकाला फट 3 इंच झाली तिथे वीट पुरली.

सगळ्यात जास्त वेळ भिंतीने खाल्ला. न्हाणीची भिंत विटांची, तिथे फास्टनर ठोकून क्लॅम्प बसला. मागची भिंत पांढऱ्या मातीची, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, मूळ घराची, दीड फूट जाड. ड्रिल लावलं की भुगा, फास्टनर हाताने निघतो. साडेतीन वर्षांचं पोर कुंपणाला लोंबकळलं तर तो क्लॅम्प दुसऱ्या झटक्याला हातात येणार. म्हणून भिंतीतून आरपार सळी घातली, दोन्ही बाजूंना 6 इंची पत्र्याची चकती आणि नट. मग मी स्वतः कुंपणाला धरून मागे लटकलो. माझं वजन 74 किलो. हललं नाही.

फाटकावर मी एक रात्र घालवली. पोराला उघडता येऊ नये, हे सोपं आहे. पण आतल्या बाईच्या पदराने पेट घेतला तर? तिला कुलूप, साखळी, दोन हातांची कडी यांतून वाट काढायला लावणं म्हणजे एकाला वाचवून दुसऱ्याला कोंडणं. तेव्हा कडी फाटकाच्या वरच्या काठावर आतल्या बाजूने, एका हाताने वर उचलली की सुटणारी, आणि फाटक बाहेर उघडणारं, नुसत्या धक्क्याने. आत कायम पाण्याची भरलेली बादली. आणि सुती लुगडं, ही अट आजीने घातली, मी नाही. तिच्या तरुणपणी तिने काय पाहिलंय ते ती सांगत नाही.

सगळं मिळून 50 किलोच्या आसपास वजन, 6000 रुपयांना थोडं कमी. पहिल्या जाळीचे 1100 वेगळे. रंग दिला आणि दोन दिवस उन्हात ठेवला, वास जाईपर्यंत.

आखाजी

30 तारखेला सकाळी सातपासून दीडपर्यंत चूल पेटलेली. दर तासाला मी कुंपणाच्या समोरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवून बघत होतो. खापर ऐन तापात असताना पाइप गरम लागला, पण हात निवांत ठेवता येत होता. बारानंतर मात्र जो भाग पत्र्याच्या सावलीबाहेर होता तो उन्हाने तापला, विस्तवापेक्षा जास्त! तिथे ओलं गोणपाट टाकलं. खानदेशातल्या उन्हाचा हिशोब मी धरला नव्हता, कबूल.

भाचा दिवसभरात अकरा वेळा कुंपणापाशी गेला (ताई मोजत होती), जाळीला नाक लावून बघत राहिला. नातीने चढायचा प्रयत्न एकदाच केला, पाय ठेवायला जागा मिळेना, कंटाळली आणि झोक्याकडे गेली. आजीने आतून फाटक एकदाही उघडं टाकलं नाही. मला हेच मोठं वाटलं, कारण पहिली जाळी तिनेच तीनदा काढली होती.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले आणि दाजी म्हणाले, आता काढून ठेवू का कुंपण, वाट अडतेय. चूल विझलेली दिसत होती. मी राखेत सांडशी खुपसली, खाली लाल निखारे. खापरही तासन्‌तास ताप धरून ठेवतं. वरून राख पांढरी, मऊ, पोराला हात घालावासा वाटेल अशी. कुंपण दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं.

त्याच दिवशी जे कुंपणाने अडवलं नाही तेही लिहितो. फाटकातून बाहेर आलेलं पुरणाचं पातेलं पाच मिनिटं ओट्याच्या काठावर होतं. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण 5 सेकंदांत खोलवर भाजते, पोराची त्याहून लवकर. घट्ट पुरण तर पाण्यासारखं ओघळून जातही नाही. मी ते पातेलं उचलून आत कपाटावर ठेवलं आणि काकूला रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. न्हाणीतल्या बंबाला तर कुंपण बसवायला जागाच नाही. तिथे दाराला बाहेरून वर कडी लावली आणि पोर घरात असेपर्यंत बंब पहाटेच पेटवायचा ठरलं.

पुढे

जूनमध्ये शेजारच्या काकूंनी कुंपण मागितलं, त्यांची नात येणार होती. दिलं. तासाभरात परत. त्यांची चूल अंगणाच्या मधोमध, एकाही बाजूला भिंत नाही. 15 फूट कुंपण चारही बाजूंनी वळवलं तर आत चूल मावली, बाई मावेना. त्यांना रांगोळीची पद्धत दाखवली. त्यांचं माप 28 फुटांवर गेलं, खर्च ऐकून त्यांनी त्या महिन्यापुरतं गॅसवरच भागवलं. मला तो निर्णय बरा वाटला.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते तिथेही हे कुंपण नेऊन उपयोग नाही. वांगी भाजायला तुराट्यांचा जाळ मोकळ्यावर करतात, वाऱ्याने कुठेही झुकतो. तिथे पोर एका ठरलेल्या माणसाच्या कडेवर, आणि त्या माणसाने वांगी बघायला उठायचं नाही. डिसेंबरात ते काम दाजींकडे होतं.

दिवाळीला, ऑक्टोबरमध्ये, ताई पुन्हा आली. भाचा 20 महिन्यांचा, 84 सेंटिमीटर. अनारशांसाठी चूल पेटणार होती म्हणून कुंपण लावलं. तो बाहेर उभा राहून आजीचा हात बघत होता. आजीने कडी उचलली, फाटक ढकललं, बाहेर आली. पाच मिनिटांनी त्याने पाट ओढत आणला, फाटकाला लावला, वर चढला आणि सळीवरून हात आत घालून कडी चाचपू लागला. एप्रिलमध्ये 94 सेंटिमीटरला पोचणारा हात आता पाटावरून सहज पलीकडे पोचत होता.

त्याला उतरवलं. पाट, स्टूल, बादली, सगळं कुंपणापासून लांब गेलं. कडी मी काढून फाटकाच्या आतल्या बाजूला एक वीत खाली बसवली, आजीचा हात सहज पोचेल आणि वरून वाकणाऱ्याचा पोचणार नाही अशी. मग भाच्याला पुन्हा भिंतीला उभं करून टेप लावला.